व्यंकटरावांच्या घरची खरूज

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली, तरी व्यंकटराव कलेक्टरच्या ओळखीच्या गप्पा मारून थकले नव्हते. ओळख म्हणजे काय, तर एकदा त्याच्या गळ्यात हार घातला होता. त्या वर्षीच्या दुष्काळात गावात पाणी उरलं होतं ते फक्त त्यांच्या विहिरीला, म्हणून लोक माना डोलवत. मी निलंग्याहून एस.टी.ने येणारी नर्स. बाटलीत पाणी घेऊनच यायची, त्यामुळे मला मान डोलवायची गरज नव्हती.

मार्चमध्ये त्यांच्या घरात खरूज शिरली. बोटांच्या बेचक्यात, कमरेला, काखेत बारीक पुरळ. नऊच्या नऊ माणसं कराकरा खाजवत होती. पण मोठ्या घराला खरूज कशी होईल? त्यांनी तिला उष्णता म्हटलं आणि महिनाभर सब्जा प्यायले. सब्ज्यानं भागेना, तेव्हा त्यांना सरजाबाई आठवली.

सरजाबाई बौद्धवाड्यातली. त्यांचा गोठा झाडायची आणि त्याबद्दल रोज दोन घागरी पाणी न्यायची. तिनंच रोग आणला असं ठरवून त्यांनी तिचं काम तोडलं, म्हणजे पाणी तोडलं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा.

ती माझ्याकडे आली. मी तिचे हात, काखा, कंबर, सगळं तपासलं. तळहाताला शेणामातीच्या भेगा होत्या, बाकी अंग स्वच्छ.

"बाई, घरात म्हातारा आजारी हाय," ती म्हणाली. "त्याच्या तोंडात घालाया घोटभर पानी न्हाई."

मला इतका संताप आला की मी तशीच तिला घेऊन गेले. व्यंकटराव ओसरीवर चार पाहुण्यांत बसले होते, काख खाजवत. मी औषधाच्या बाटल्या मांडल्या. खाज असो नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गळ्यापासून पायापर्यंत लावायचं, कपडे-अंथरुणं उकळायची, असं सांगितलं. त्यांनी बाटल्या सरजाबाईकडे सरकवल्या. रोग तिचा, औषध तिला द्या, म्हणाले.

मी रजिस्टर उघडलं.

"हा किडा उडत नाही, व्यंकटराव. अंगाला अंग बराच वेळ लागलं, एका अंथरुणात झोपलं, की लागतो. ही तुमच्यापैकी कुणाजवळ झोपायची? नाव सांगा, लिहून घेते."

पाहुणे त्यांच्याकडे बघू लागले.

"हिला आमी उंबऱ्याच्या आत घेत न्हाई," ते कसंबसं म्हणाले.

मग खरूज घरचीच, असं मी मोठ्यानं वाचत लिहिलं. त्यांनी बाटल्या परत ओढून घेतल्या आणि आत ओरडून सांगितलं, हिला पाणी द्या.

त्यांची बायको उमादेवी बादली घेऊन आली. बादली घागरीला लागू नये म्हणून त्या घरात पाणी नेहमी वरून ओतायचे. आज ती गडबडीत खाली वाकली.

सरजाबाईनं घागर मागं ओढली.

"वरूनच वता, मालकीनबाई," ती म्हणाली. "तुमाला खरूज हाय."