सैनिक कसा पडतो

"काका, हे बघा. हाही थांबला."

कलाप्रमुख बाईंनी चित्रण मागे नेले. नव्या गेमच्या चाचणीला बसलेल्या खेळाडूने गोळी झाडली, समोरचा सैनिक कोसळू लागला आणि खेळाडूची बंदूक खाली आली. तेवढ्यात दुसऱ्याने त्याला टिपले.

"सगळे इथंच मरतात. पडणाऱ्याकडे बघत बसतात. गेम खेळायला आलेत की सांत्वनाला?"

मागे कुणीतरी फिसकन हसले. गेममधली माणसे पाडणे हे काकांचे काम. ऑफिसात त्यांना 'पडझड खाते' म्हणत. आधी गुडघा, मग खांदा, मग मान. या एका पडण्यावर त्यांनी अख्खा उन्हाळा घालवला होता.

"माणूस असाच पडतो," ते म्हणाले.

"पडत असेल हो. पण गोळी लागल्यावर कुणी हात मागं नेऊन चाचपतं का?"

काकांनी पुन्हा पाहिले. तळवा उघडा, बोटे काहीतरी शोधणारी. गोळी लागलेल्याचा हा हात नव्हताच. स्वयंपाकघरात बाबा कोसळले, तेव्हा स्टूल शोधत त्यांचा हात असाच मागे गेला होता. काका दारात होते. पोहोचले नाहीत. हे आपल्या हातून कधी उतरले, ते त्यांनाही आत्ताच कळले.

"बाकी काहीही बदला. तेवढा हात राहू द्या."

"कसला हात, काका? सगळंच बदलतंय. सपाट रंग, जाड रेघा. गोळी लागली की माणसाच्या रंगीत ठिकऱ्या. खाली काही उरायलाच नको."

"म्हणजे पडायचंच नाही?"

"पडायला वेळ कुणाला आहे?"

वाद घालायचे त्राण नव्हते. संध्याकाळपर्यंत काकांनी ठिकऱ्या केल्या, त्याही चोख. "आई शप्पथ, भारी!" चाचणीवाला ओरडला. त्याची बंदूक एकदाही खाली आली नाही. जुने पडणे कायमचे काढायचे का, असे पडद्याने विचारले. काकांनी ते एकदा शेवटपर्यंत पाहिले आणि 'हो' दाबले.

घरी आई टेकून बसली होती.

"आज काय केलंस रे?"

"रंग उडवले."

"बरं झालं. माणसं पाडून पाडून तोंड उतरलं होतं तुझं."

ती उठू लागली. कुणी धरलेले तिला खपत नसे. काका तिच्या मागे उभे राहिले आणि तिच्या पाठीला लागणार नाही असा हात पुढे धरून, तिच्याच चालीने आतल्या खोलीपर्यंत गेले.