नव्याचा पहिला घास

लोधिवलीच्या भिवाजीला कर्जत स्टेशनात सांधेवाल्याची नोकरी लागली आणि त्याच्या डोक्यावर तांबड्या पट्टीचं मुंडासं आलं. मग काय विचारता! घाट चढणाऱ्या गाडीला मागून दुसरं इंजिन जोडत, तेव्हा हा रूळ बदलून बावटा धरायचा आणि अख्खी गाडी आपल्या हुकमानं हलते असं मानायचा. चिखलात जन्म घालवून बापाला काय मिळालं? सुख असलंच तर ते इथं, हे त्याचं पक्कं झालं होतं.

बाप वारल्यापासून घरचा कर्ता तोच. त्या घरची रीत अशी, की दिवाळीला कर्त्यानं नव्या भाताच्या कणगीवरचं शेणाचं लिंपण फोडायचं आणि शिजल्यावर पहिला घास घ्यायचा. तोवर नवा दाणा कुणी तोंडात घालायचा नाही. यंदा दिवाळीआधी त्यानं शेजारच्या सहदेवाबरोबर रुबाबात निरोप धाडला, "येतो मी. माझ्याबिगर नवं करू नका."

पण ऐन दिवाळीत स्टेशन बघायला साहेब येणार असं कळलं. रजा मिळत असूनही भिवाजी थांबला. साहेबाच्या नजरेत भरायचं होतं ना! साहेबानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. निरोपाचं मात्र तो साफ विसरला.

पौषात नवा कोट दाखवायला तो घरी गेला. त्याची बायको जिजा जात्यावर बसली होती. सातवा महिना, आणि गळ्याची हाडं वर आलेली. कोपऱ्यात कणगी शिगोशीग भरलेली, वरचं लिंपण जसंच्या तसं.

"नाचणी का दळतीस गं?"

उत्तर त्याच्या आईनं, अंबाबाईनं दिलं. "जुना तांदूळ दिवाळीलाच सरला. तू थांबा म्हनलास, थांबलो आमी."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लावणी, कापणी, झोडणी सगळं या दोघींनी केलं होतं. त्यानं खाली मान घालून लिंपण फोडलं.

दुपारी भात कांडून शिजवला. भिवाजी पाटावर बसला. ताटातून वाफ निघत होती आणि दोघी त्याच्या हाताकडे बघत उभ्या होत्या. हात काही उठेना. गुपचूप घास घेतला असता तर कुणाला कळणार होतं? पण ती लाज त्याच्यानं गिळवेना.

"आये, मी नवं खाल्लंय. दिवाळीलाच. टेसनाजवळ, भिसेगावच्या खानावळीत."

जिजानं नजर खाली वळवली. आईनं चार शिव्या घातल्या तर बरं, असं त्याला वाटत होतं.

"चांगला लागला का रं?" अंबाबाईनं विचारलं.

त्याला आठवलं. भात चिकट झालाय म्हणून तो खानावळवाल्यावर खेकसला होता आणि अर्धा ताटात टाकून उठला होता. त्यानं ताट जिजापुढं सारलं.

"तू घे आधी."

ती सासूकडे बघत राहिली.

"खा गं," अंबाबाई म्हणाली. "त्याचं झालंय."

जिजा खाली बसली. तिनं पहिला घास घेतला आणि तो गिळायच्या आत घाईघाईनं दुसरा घेतला. भिवाजीला तिकडे बघवेना.