उजव्या खांद्यावरचा शेला

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आमचे हे धामणगाव बढ्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीत सरपंच रंगरावांची तसबीर लावायचं ठरलं आणि ते काम यांच्याकडे आलं. आजवर यांनी भिंतींवर रंगवलेलं सगळं दरवर्षी चुन्याखाली जायचं. टिकणारं असं हे पहिलंच, म्हणून यांचा सगळा जीव त्यात.

नमुन्याला होता स्पेन देशाचा शंभर वर्षांपूर्वीचा एक प्रधान. जुन्या मासिकातून कापलेलं चित्र. काळा कोट, एक हात खुर्चीवर, छातीवरून तिरपा रेशमी पट्टा. रंगरावही तस्सेच उभे राहिले, पट्ट्याच्या जागी जरीचा शेला घेऊन.

श्रावणी सोमवारी पूजा आटोपून मी चित्र पाहिलं. शेला उजव्या खांद्यावरून! असा तो श्राद्धालाच घेतात. माझं तर सोमवारचं मौनव्रत, दिवेलागणीपर्यंत बोलायचं नाही. मी आपला खांदा थोपटून दाखवला, तर हे निलगिरीचं तेल घेऊन आले.

दुपारी रंगरावांबरोबर त्यांच्या आई अन्नपूर्णाबाई आल्या आणि दारातच थबकल्या.

"काऊन जी मास्तर, माहं पोरगं बारा महिने सराधच घालत उभं राहीन का पंचायतीत?"

"आजी, तो प्रधानाचा पट्टा आहे. स्पेनमध्ये असाच घेतात."

"मंग हा परधान जित्ता हाय का?"

"छे! त्याला जाऊन ऐंशी वर्षं झाली."

"मंग! मेलेल्याचं पाहून काढलं, तसंच निंगलं. मी नाई टांगू देनार हे."

हे गोरेमोरे झाले. रंगराव हळूच म्हणाले, "माय, नाक तरी पाह्य. हुबेहूब हाय."

"नाक राहू दे तिथंच. शेला हालव."

यांनी एकदा प्रधानाकडे पाहिलं, एकदा अन्नपूर्णाबाईंकडे, आणि टर्पेंटाइनची बाटली काढली. रंग ओलाच होता. शेल्याबरोबर कोटाची बटणंही पुसली गेली. मग रंगराव पुन्हा खुर्चीला हात लावून उभे, शेला डाव्या खांद्यावर. समोर सुपारी कातरत आई.

"हालू नोको! सरपंच व्हय का भोवरा?"

ऊन कललं तेव्हा हे बाजूला झाले. अन्नपूर्णाबाईंनी कितीतरी वेळ पाहिलं.

"आता कसा! सासुरवाडीले निंगाल्यावानी दिसते."

"पण आजी, वाळायला पंधरा दिवस तरी लागतील."

"वाळू दे न वाट्टेल तितकं," त्या चपला घालत म्हणाल्या. "खिळा मी आजच ठोकून घेतो."