पाचशे ऐंशी व्होल्ट

सासऱ्यांनी उभी हयात ध्वनिमुद्रणात काढली होती. निवृत्त होताना स्टुडिओने त्यांना त्यांचाच हेडफोन दिला. तो साधा नव्हता. आत दोन जाळ्यांच्या मधे केसाहून पातळ पडदा ताणलेला. त्या पडद्यावर सतत पाचशे ऐंशी व्होल्ट ठेवले, तरच त्याला कंठ फुटायचा. या व्होल्टना बायस म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी ते पुरवणारा अँप्लिफायर जळाला, आणि बनवणारी कंपनी तर त्याआधीच बंद पडली होती. तेव्हापासून हेडफोन कपाटात आणि सासरे गप्प.

सून एक्स-रे मशीन दुरुस्त करायची. मोठ्या व्होल्टशी तिचं रोजचंच उठणं-बसणं. सहा महिने खपून तिने घरीच अँप्लिफायर बांधला. रविवारी सकाळी तो जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवून, झटका छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात पाठीमागे धरून, ती प्लास्टिकच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने बायस लावत होती. तेवढ्यात धाकटा दीर आला. तो वीस वर्षं मुरलेला वायरमन. आला तोच स्वतःचा मीटर घेऊन.

"थांबा वहिनी, एकदा मी बघतो." त्याने हेडफोनच्या सॉकेटवर मीटर लावला. "तीनशे पंच्याण्णव! कितीतरी कमी आहे. द्या इकडे, वाढवतो."

"हात लावू नका, भाऊजी. बरोबर आहे ते."

"अहो, मीटर काय खोटं बोलतो का?"

सासरे खुर्चीत पुढे सरकले. हेडफोन त्यांनी मांडीवर घट्ट धरला होता. व्होल्ट जास्त झाले तर पडदा जाळीला चिकटेल, ठिणगी पडेल आणि भोक पडेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तसा पडदा आता कुठे मिळणार?

"खोटं बोलत नाही, पण वाटेत पितो," सून म्हणाली. "सॉकेटच्या आधी मी मुद्दाम मोठा रेझिस्टर घातलाय, चुकून कोणी शिवलं तर झटका बसू नये म्हणून. त्यातून वीज थेंब थेंब येते, हेडफोनचा पडदा त्यातली जवळजवळ काहीच घेत नाही, पण तुमचा मीटर घेतो. चमचाभर चहात गार थर्मामीटर बुडवला तर चहाच गार होणार ना?"

दिराच्या गळी काही ते उतरलं नाही. "बोलायला सगळं सोपं असतं."

"मग बोलणं राहू द्या. माझा मीटर तुमच्या मीटरशेजारीच लावा. आकडा तीनशेच्या जवळ येईल."

त्याने लावला. दोन्ही मीटर दोनशे नव्याण्णववर उतरले.

दिराने एक मीटर काढला, आकडा वर गेला. पुन्हा लावला, खाली आला. तिसऱ्यांदा तेच करून पाहिल्यावर तो गालातल्या गालात हसला. "च्यायला!"

"आता रेझिस्टरच्या अलीकडे मोजा. एक हात खिशात."

पाचशे ऐंशी.

"आणि मी सॉकेटवर पाचशे ऐंशी दिसेपर्यंत स्क्रू पिळत बसलो असतो तर?"

"साडेआठशे झाले असते. पडद्याचे बारा वाजले असते."

सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "सूनबाई, लावू?"

"लावा बाबा. अगदी निर्धास्त."

त्यांनी हेडफोन कानांवर चढवला. सुनेने त्यांचंच एक जुनं मुद्रण सुरू केलं. क्षणभर त्यांचा चेहरा कोराच राहिला. दीर मीटर हातात धरून पुढे वाकला. सून मात्र शांतपणे वायरी गुंडाळत होती.

मग सासरे मोठ्याने, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या आवाजात, ओरडले, "हा व्हायोलिनवाला नाक ओढतोय! सर्दी असेल तर येऊ नकोस, असं बजावलं होतं त्याला!"

आणि ते खदखदून हसले. डोळे पुसले, पुन्हा हसले. नऊ वर्षांत घरात त्यांचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"मला द्या ना थोडं, बाबा," दीर म्हणाला.

"तू थांब रे. अजून चेलो यायचाय."

दीर तिष्ठत बसला. सुनेने झाकण बसवलं, चारही स्क्रू आवळले आणि पुढचं मुद्रण शोधायला कपाटाकडे गेली.