तीनशे मिलीचा आशीर्वाद

मी बोलतोय खरा, पण नाव सांगितलं की लोक नाक मुरडतात. सांगूनच टाकतो: मी युरिन पॉट. पांढरं प्लास्टिक, तिरकी मान, अंगावर मिलीच्या रेघा. औषधाच्या दुकानात गरम पाण्याच्या पिशव्यांमागे पडून होतो. एक बाई आल्या, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "ते... पुरुषांचं असतं ना, ते द्या." दुकानदारानेही मला कागदात असं गुंडाळलं, जणू चोरीचा मालच!

त्या बाईंचे यजमान शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. जन्मभर मान खाली घालून बायकांची मापं घेतलेला भिडस्त माणूस. ऑपरेशन झालं, घरी आले, आणि एका सकाळी नर्सने लघवीची नळी काढली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पाच वाजेपर्यंत आपली आपण झाली तर उत्तम. नाही तर परत दवाखाना, परत नळी." नळीचं नाव काढलं तरी मास्तर पांढरेफटक पडत. मग काय, सकाळपासून सगळ्या घराचे डोळे माझ्याकडे. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

दुपारी तीनला मास्तरांची धाकटी बहीण उगवली, सोबत तिच्या उपचार मंडळातल्या चौघीजणी. हे मंडळ आजारी माणसाभोवती बसतं, डोळे मिटतं, तळहात पुढे करतं आणि त्याला आजारातले आशीर्वाद मोजायला लावतं. आजार ही देणगी, असं त्यांचं म्हणणं. मंडळातल्या कुणी ती मागून घेतल्याचं मात्र ऐकिवात नाही.

"दादा, आजाराचे आभार मान," बहीण म्हणाली. मग तिची नजर माझ्यावर पडली. "अगं बाई, हे इथे? खोली कशी प्रसन्न हवी!" दोन बोटांनी उचलून तिने मला खिडकीत, पडद्याआड ठेवलं.

तासभर झाला आणि मास्तरांना लागली. सकाळपासून जिची वाट पाहिली, ती नेमकी आत्ता! पण समोर पाच बायका, त्यातल्या दोघी जुन्या गिऱ्हाईक. सांगणार कोणत्या तोंडाने? मास्तरांनी चादर मुठीत धरली. कपाळावर घाम आला, डोळे भरले.

बहिणीने एक डोळा किलकिला केला आणि हरखली. "बघा, बघा, अश्रू! आत साचलेलं वाहायला लागलं!"

वाहतंय, कपाळ! जे वाहायला हवं ते तिथेच अडलं होतं आणि अडवणाऱ्या याच पाचजणी. मी पडद्याआड नुसता चरफडत होतो.

तेवढ्यात मास्तरांची बायको गोळी घेऊन आली. तिने नवऱ्याच्या मुठीकडे एकदा बघितलं.

"अहो, लागलीय का?"

मास्तरांनी मान हलवली.

"वन्सं, उठा."

"वहिनी, आशीर्वाद उतरतोय, असं मध्येच तोडू नये."

"त्याला म्हणावं, बाहेर बस जरा. माझ्या माणसाला लघवी करायचीय!"

मंडळ चपला शोधत बाहेर पळालं. पण आता धास्तीने सगळं आखडलेलं. बायकोने बाथरूममधला नळ सोडला, मला पडद्याआडून काढून जागेवर धरलं, दुसरा हात नवऱ्याच्या पाठीवर ठेवला. "घाई नाही हो. मी इथेच आहे." नळ वाहत राहिला. घड्याळाकडे दोघंही बघेनात. पावणेपाचला आधी थेंब, मग धार! तीनशे मिली! "झाली हो, झाली!" म्हणत ती हसता हसता रडायला लागली आणि मास्तर शर्टाच्या बाहीने तिचे डोळे पुसत बसले. मी प्लास्टिकचा, तरी मला भरून आलं.

बहीण धावत आत आली. "झाली? बघितलंत वहिनी, मंडळाचा गुण!"

वहिनी वाद घालत बसली नाही. मला तिच्या हातात देत म्हणाली, "घ्या. ओतून, धुऊन आणा."

मला वाटलं, ही आता नाक दाबून लांबूनच पाणी मारणार. पण तिने बाथरूमचं दार लावलं, पदर खोचला आणि मला साबणाने घासलं, आतून-बाहेरून, दोनदा. घासताना हुंदके देत होती. "दादा, फार घाबरले होते रे मी," एवढंच पुटपुटली.

आता मास्तर स्वतःच्या पायांनी बाथरूमला जातात आणि मी माळ्यावर असतो. बहीण येते, येईल त्या पाहुण्याला ही हकिगत रंगवून सांगते, पण अश्रूंपाशी थांबते. बाई, एक विनंती आहे. पुढचं गाळत जाऊ नका. तुमच्या हातून त्या दिवशी जो काही उपचार झाला, तो तिथेच झाला, बाथरूमच्या ओल्या फरशीवर उकिडवं बसून.