मिनिटाला तीस शब्द

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी निवृत्त बसचालक डिस्चार्जच्या खिडकीशी परत आला. एक हात पोटावर दाबलेला, दुसऱ्या हातात आठ दिवसांपूर्वी याच खिडकीतून मिळालेलं कार्ड.

"वाचा," तो म्हणाला.

कारकुनाने मान वर केली नाही. तो दुसऱ्याच कुणाच्या कार्डासाठी 'ठ' शोधत होता. 'ठ' त्याला बावीस वर्षांत कधीच पटकन सापडला नव्हता. "रांगेत या."

"रांगेतूनच आलोय. पाऊण तास उभा आहे. वाचा, आणि मोठ्यानं वाचा."

कारकुनाने कार्ड घेतलं. नाव बरोबर. वय सदुसष्ट, बरोबर. हर्नियाची शस्त्रक्रिया, बरोबर. त्याखाली, घरी घ्यायच्या काळजीच्या रकान्यात, लिहिलं होतं: दर दोन तासांनी अंगावर पाजावे. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावी.

"आता तुम्हीच सांगा," बसचालक म्हणाला, "कुणाला पाजू?"

बाकावरचे लोक खो खो हसले. "निदान ढेकर तरी काढा, आजोबा," मागून कुणीतरी म्हणालं. बसचालक हसला नाही.

"हसा. पण वजन उचलू नये, असं यात कुठंही नाही. परवा मी पाण्याचं पिंप उचललं. टाका सुटलाय."

बाकावरच्या एकाने त्याच्यासाठी जागा सरकवली.

चूक कशी झाली हे कारकुनाला तेव्हाच कळलं. तो दोन तर्जन्यांनी टाइप करायचा. दवाखान्यात त्याला सगळे 'टकटक' म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होतं. दीडशे शब्दांचं कार्ड नव्याने टाइप करायचं तर चौदा मिनिटं लागत. म्हणून गर्दीच्या दिवशी तो आधीच्या रुग्णाचं कार्ड उघडायचा, त्यावरच नाव, वय नि आजार बदलायचा आणि छापायचा. बसचालकाच्या आधी एक बाळंतीण घरी गेली होती.

"चुकून झालं," तो म्हणाला.

"चुकून नाही, कंटाळ्यानं झालं. मी बत्तीस वर्षं बस चालवली. मागच्या फेरीला रस्ता मोकळा होता म्हणून पुढच्या फेरीला डोळे मिटून घेतले नाहीत."

बारा वाजता अधीक्षकबाईंनी त्याला बोलावलं. त्या आवाज चढवत नसत. समोरचा चढवायला लागला की कागद पुढे सरकवत. आजचा कागद त्यांनी आधीच सरकवून ठेवला होता.

"रोज तीस कार्डं. चौदा मिनिटांच्या हिशेबाने सात तास. सकाळी नऊला घरी जा म्हणून सांगितलेला माणूस चार वाजता बाहेर पडतो. तोवर त्याची खाट अडलेली, आणि त्या खाटेवर यायचा माणूस बोळात स्ट्रेचरवर. हे तुमच्या दोन बोटांमुळे."

"डॉक्टरांचं अक्षरही—"

"डॉक्टरांचं अक्षर वाईट आहे. पण त्यांनी बसचालकाला बाळंतिणीचं लिहिलं नव्हतं." त्यांनी दुसरा कागद सरकवला. "पुढच्या महिन्याची एकवीस तारीख, गुरुवार, दुपारी तीन. मिनिटाला तीस शब्द. जमलं तर खिडकी तुमची. नाहीतर तळघरात, कपड्यांच्या भांडारात. चादरींना वेलांटी नसते, तिथं तुमचं ठीक चालेल."

त्याच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. त्या तळघराला खिडकी नव्हती, हे त्याला जिना चढताना आठवलं.

अक्काचं घर दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर होतं. अक्का त्याची थोरली बहीण, वय एकाहत्तर. वकिलांच्या कचेरीत छत्तीस वर्षं लघुलेखिका होती. निवृत्त होताना कचेरीने तिला तिचाच टाइपरायटर भेट दिला. तो तेव्हापासून भिंतीलगतच्या टेबलावर एकाच जागी बसलेला होता. दवाखान्याच्या संगणकावरही अक्षरांच्या जागा त्याच होत्या.

"किती शब्द?" तिने विचारलं.

"तीस."

"आणि तुझे?"

"अकरा."

"अरे, अकरा शब्द तर मी शिंकताना काढायचे." तिने त्याच्या हातांवर एक जुना टॉवेल टाकला. "बाळ्या, आजपासून खाली बघायचं नाही."

पंचावन्न वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारं जगात आता एवढं एकच माणूस उरलं होतं. तो रोज संध्याकाळी सहाला जायचा आणि साडेसातला चिडून घरी यायचा.

"बोटं मधल्या ओळीवर. ते त्यांचं घर. कामाला बाहेर पडायचं, काम झालं की घरी यायचं. तुझी कुठं उंडारतात?"

"करंगळी पोचत नाही, अक्का."

"पोचेल. आजवर तिला एकच काम ठाऊक आहे, शाळेत वर करून दाखवायचं."

"तू थट्टा कर."

"मग रडू? चल. पुन्हा."

ती खिडकीकडे तोंड करून बसायची आणि नुसत्या आवाजावरून चूक धरायची. "दोन कळा एकदम पडल्या." "आता थबकलास, 'ठ' आला वाटतं." पान झालं की म्हणायची, "वाचून दाखव."

"तू वाच की! समोर तर आहे."

"शिकवतेय कोण, तू की मी? वाच."

दुसऱ्या आठवड्यात त्याने टॉवेल फेकला. उजव्या बाजूला भिंत होती, कोपर सारखं घासायचं. "या टेबलावर माणूस बसतो तरी कसा?" म्हणत त्याने टाइपरायटर दोन्ही हातांनी उचलला आणि बोटभर डावीकडे ठेवला.

"काय केलंस?" अक्काने विचारलं.

"काही नाही. कोपर टेकायला जागा केली. एवढं सगळं शिकून फायदा काय, ते तरी सांग. तीन वर्षांनी घरीच बसायचंय."

अक्का म्हणाली, "नजर सुटते. वकीलसाहेब सांगायचे आणि मी समोर बसलेल्या पक्षकाराकडे बघायचे. कुठल्या वाक्याला त्याचा चेहरा पडला, ते साहेबांना कळायचं नाही, मला कळायचं. तू बावीस वर्षं त्या खिडकीत बसलास. किती माणसं बघितलीस?"

त्याने खाली वाकून टॉवेल उचलला.

चौथ्या आठवड्यात तो चोवीसवर पोचला आणि आधीच्या कार्डावर लिहिणं त्याने बंद केलं. दुपारी दीडच्या सुमाराला बाक रिकामा व्हायला लागला. वॉर्डातली सिस्टर कागद घेऊन यायची तेव्हा आधीचा ढीग संपलेला असायचा. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "काय हो, आज कुणी घरी जायचंच नाही म्हणतंय की काय?" त्याने वर बघितलं आणि बोटं चालूच राहिली. सिस्टरच्या एका भुवईत टाक्याची जुनी खूण होती. ही बाई सहा वर्षं रोज त्याच्यासमोर कागद ठेवत होती.

जखम चिघळल्याने तीन आठवडे दाखल राहिलेला बसचालक टाके पुन्हा घालून घरी निघाला तेव्हा त्याने कार्ड तिथेच उभं राहून दोनदा वाचलं. "वजन उचलू नये. बरोबर," तो म्हणाला, आणि कार्ड घडी न घालता शर्टाच्या आत ठेवलं.

बुधवारी, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, कारकून अक्काकडे पोचला तेव्हा ती पाकीट चिकटवून तयार होती. "उद्या तुझ्या बाईंना दे. उघडू नकोस."

"वशिला लावतेस? या वयात माझी शोभा करू नकोस."

"तुझी शोभा पाजण्यावरून झालीच आहे. घेऊन जा."

गुरुवारी तीन वाजता अधीक्षकबाईंनी स्वतः घड्याळ लावलं. दहा मिनिटं. तो खाली बघत नव्हता; समोरच्या भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यावर नजर ठेवून टाइप करत होता. 'ठ' चार वेळा आला आणि चारही वेळा सापडला. सातव्या मिनिटाला घामाने करंगळी घसरली, एक ओळ बिघडली, ती दुरुस्त करण्यात वेळ गेला.

बाईंनी शब्द मोजले. पुन्हा मोजले. "अठ्ठावीस."

"अकरावरून आलोय, मॅडम."

"दिसतंय मला. पण कागदावर तीस आहे." त्या कंटाळून मागे टेकल्या. मग त्यांना त्याने सकाळी बहिणीचं म्हणून दिलेलं पाकीट आठवलं. त्यांनी ते फोडलं, वाचायला घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ही काय थट्टा आहे?"

कागद त्याच्यापुढे आला. पाऊण पान टाइप केलेलं. समास चारी बाजूंनी सारखा, परिच्छेद नेटके, तारीख उजव्या कोपऱ्यात. आणि त्यात एकही शब्द शब्द नव्हता. कुठे नुसत्या मात्रा, कुठे एकापुढे एक तीन अर्धी अक्षरं, काना भलत्याला जोडलेला.

"तुमच्या भगिनींची तब्येत बरी आहे ना?" बाईंनी विचारलं. आवाज आता मऊ होता, आणि ते त्याला जास्त लागलं.

त्याने पहिल्या शब्दाकडे पुन्हा बघितलं. मग आपली बोटं टेबलावर ठेवली, जणू मधल्या ओळीवर, आणि ती सगळी मिळून एक कळ उजवीकडे नेली. हा शब्द 'सन्माननीय' होता. चूक एकच होती, पण ती पहिल्या अक्षराच्या आधीच झाली होती. हात एक कळ उजवीकडे पडले होते आणि शेवटपर्यंत तसेच चालले होते.

नाही. हात जागेवरच होते. निवृत्तीनंतरची तेरा वर्षं ते टेबलाच्या ज्या कडेवरून उतरत होते, तिथूनच उतरले होते. टाइपरायटर हलला होता.

"मॅडम, दहा मिनिटं द्या," तो म्हणाला.

कागदावर जे अक्षर दिसे, त्याच्या डावीकडची कळ तो दाबत गेला. पडद्यावर पत्र उमटू लागलं. बाई उठून त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

सन्माननीय अधीक्षक यांस. माझा भाऊ आपल्याकडे बावीस वर्षे आहे. तो हट्टी आहे, कामचुकार नाही. पाच आठवड्यांत त्याने जे केले ते वीस वर्षांच्या मुली आठ महिन्यांत करतात. तीस पूर्ण झाले नाहीत तर आणखी एक महिना द्यावा, मी तीस करून देईन.

त्यानंतर नवा परिच्छेद होता. त्याची बोटं मंदावली, जवळजवळ अकरावर आली.

मला गेल्या वर्षापासून अक्षरे दिसत नाहीत. त्याला सांगितलेले नाही, आपणही सांगू नये. हे पत्र न बघता लिहिले आहे. न बघता किती नेमके लिहिता येते, याचा दाखला म्हणून ते सोबत ठेवावे.

खाली सहीच्या जागी सही होती. ती टाइप केलेल्या नावापासून चार बोटं लांब, तिरकी, कागदाच्या कडेवरून उतरत चाललेली. ती त्याने आता प्रथमच नीट बघितली.

बाहेर बोळात कुणाची तरी ढकलगाडी कुरकुरत गेली.

"बुधवारी त्यांना आपल्या नेत्र विभागात आणा," बाई म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

"आणि माझं?"

"कळवते." त्यांनी दोन्ही कागद, चुकलेला आणि सुधारलेला, एकाच फायलीत लावले.

शनिवारी संध्याकाळी सहाला तो अक्काकडे गेला. गुरुवारी रात्री फोनवर त्याने फक्त अठ्ठावीसचा आकडा सांगितला होता. ती आत पातेल्याशी खुडबुडत होती. टाइपरायटर त्याने ठेवला होता तिथेच होता. त्याच्या प्रत्येक पायाच्या बोटभर उजवीकडे, टेबलाच्या लाकडात, एकेक अशा चार खोलगट खुणा होत्या. इतकी वर्षं वजन पेलून पडलेल्या, त्याच्या चार पायांच्या.

"वाचलं का रे त्यांनी?" तिने आतून विचारलं.

"वाचलं."

"चूक काढली काही?"

"एकही नाही."

"काढणार कुठून?" ती म्हणाली. "थांब, आभाराचं चार ओळींचं पत्र टाकते. मग तू बस. दोन शब्दांसाठी अडलास म्हणे, लाज नाही वाटत?"

त्याने टाइपरायटर उचलला. जड होता. चारही पाय चार खुणांमध्ये बसेपर्यंत त्याने तो हळूहळू सोडला. तरी तळाशी बारीक आवाज झालाच.

अक्का दारात थांबली. मग भिंतीला हात लावत आली, खुर्चीत बसली, टेबलाच्या कडेवरून हात चढवले. बोटं मधल्या ओळीवर उतरली. तिने एक अंगठा टाइपरायटरच्या डाव्या कडेवर नेला, आणि परत आणला.

"कोपर घासेल तुझं," ती म्हणाली.

"घासू दे."

तिने टाइप करायला सुरुवात केली. तो तिच्या खांद्यावरून कागदाकडे बघत उभा राहिला. खिडकीबद्दलचा आदेश तोवर आला नव्हता. बुधवारची चिठ्ठी खिशात होती. ती तिच्यापुढे कशी काढायची, ते ठरलं नव्हतं.