बोअरचं पाणी

सविताचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. नवनगरातल्या त्यांच्या गेस्ट हाऊसच्या सगळ्या खोल्या पहिल्यांदाच भरल्या होत्या, आणि त्याही लग्नाच्या वऱ्हाडानं! मंजुनाथ चहाचे ट्रे घेऊन पळत होता, त्याचा प्रवीण गरम पाण्याच्या बादल्या पोचवत होता, तिची योगिता उप्पीट वाढत होती. दोन मोडलेल्या संसारांतली ही माणसं, वर्षभरापूर्वी एकत्र आलेली. आज कशी एका घरची वाटत होती! वऱ्हाड खूश झालं तर पुढच्या महिन्यातल्या पुतणीच्या लग्नाचं वऱ्हाडही इथंच उतरवू, असं नवरदेवाच्या काकांनी कबूल केलं होतं.

तेवढ्यात तेच काका न्हाणीघरातून ओरडले, "अहो, पाणी गेलं की! अंगभर साबण लावून बसलोय मी!"

मंजुनाथ गच्चीवर धावला. टाकी खडखडीत. खालचा हौदही खडखडीत. "परवाच तर काठोकाठ भरला होता!" तो कपाळाला हात लावून म्हणाला.

अहो, सवितानंच तर काल हौसेच्या भरात गच्चीपासून पायऱ्यांपर्यंत सगळं घर धुऊन काढलं होतं! मायलेकी अळणावर गावच्या, दारात विहीर. हात आखडायची सवय असणार कुठून? इथं नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं, हे तिच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

"आजीकडे बोअर आहे," प्रवीण हळूच म्हणाला.

मंजुनाथनं मान खाली घातली. आजी म्हणजे कृष्णाबाई, प्रवीणच्या वारलेल्या आईची आई. घर मागच्याच गल्लीत, पण जावयानं दुसरं लग्न केल्यापासून बाई या घराची पायरी चढल्या नव्हत्या. "मी टँकरचं बघतो," तो पुटपुटला.

"टँकर येईस्तोवर काका वाळून जातील!" सवितानं पदर खोचला आणि ती तडक निघाली.

कृष्णाबाई अंगणात घेवडा मोडत बसल्या होत्या. सवितानं एका दमात सांगून टाकलं, "आजी, घरात वऱ्हाड आहे आणि पाणी संपलंय. चूक माझी. सगळं घर धुऊन काढलं मी."

"पाव्हणे यायच्या आदल्या दिवशी? हौद रिकामा करून?"

"हो."

"शहाणीच आहेस!" कृष्णाबाई कडाडल्या. मग तिच्या मागून आलेल्या नातवाकडे वळल्या. "तू काय बघतोस रे? मोटर चालू कर!"

मग काय धांदल उडाली! पाइप भिंतीवरून टाकला, तो पुरेना. योगितानं बागेचा पाइप आणला, प्रवीणनं सायकलच्या ट्यूबनं सांधा करकचून बांधला. सांधा फुटला, दोघं नखशिखांत भिजली, खिदळत पुन्हा बांधायला लागली. "अक्का, आलं! पाणी आलं!" प्रवीण सविताला हाक मारत ओरडला, आणि ती चक्क टाळ्या पिटायला लागली. काका साबणातून सुटले आणि गंध लावून, दुसरा चहा मागत बाहेर आले.

पाइप कुठं गळतोय ते बघत, सगळ्यांना रागे भरत कृष्णाबाई कधी पायऱ्या चढून आत आल्या, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. सवितानं लगबगीनं तांब्या-भांडं पुढं केलं. बाईंनी ते हातानं मागं सारलं.

"इथलं पाणी मला नको."

सविताचं तोंड एवढंसं झालं. "तुमच्याच बोअरचं आहे, आजी."

"असू दे. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी मी तोंडाला लावत नाही. प्रवीण व्हायच्या आधी लावलं होतं का? विचार तुझ्या नवऱ्याला!"

मंजुनाथनं 'नाही' म्हणून मान हलवली. लेकीला म्हणाल्या त्या! सविताचे डोळे भरून आले.

"पण आजी, आईला मी आहे की!" ओल्या केसांची योगिता मध्येच म्हणाली.

कृष्णाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हात पुढं केला.

"आण तर ते भांडं इकडं."